चौदा विहिरी आणि हिरोताबाई

सोळा वर्षं मी पाणी तपासायची नोकरी केली. त्यामुळे इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींत माझी ओळख 'पाणीवाल्या काकू' अशीच झाली आहे. मंडळाच्या पिकनिकला भेळेची प्लेट हातात पडायच्या आत कुणीतरी जवळ सरकतं आणि विचारतं, "काकू, नळाचं डायरेक्ट प्यायलं तर चालेल ना? की फिल्टर इन्स्टॉल करू?" मी म्हणते, पी बिनधास्त. फिल्टर विकणाऱ्या दोन मराठी मुलांचा माझ्यावर तेव्हापासून राग आहे.

यंदा निवृत्त झाले, म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला गाठलं. "काकू, नोकरीतले मजेशीर किस्से लिहा ना, लोकांना आवडतात." किस्से आहेत की. एक गृहस्थ घरच्या पोहण्याच्या तलावातलं पाणी व्हिस्कीच्या बाटलीत घेऊन आले होते आणि पाण्याला वास येतो अशी तक्रार करत होते. अल्फारेटाहून एका ओळखीच्या बाईंनी गंगाजलाचा सीलबंद गडू पाठवला. त्यांना शुद्धतेचं सर्टिफिकेट हवं होतं, फ्रेम करून लावायला. मी कळवलं की आमच्याकडे सर्टिफिकेट मिळत नाही, रिपोर्ट मिळतो, आणि त्यात जे असेल ते छापून येतं. गडू सील न फोडता परत गेला.

पण असल्या किश्शांवर माझी नोकरी संपवावी असं मला वाटत नाही. माझ्या कामात एक प्रकरण असं झालं की ते आठवलं तर ताठ मानेने बसावंसं वाटतं, आणि त्याच प्रकरणातली एक गोष्ट आठवली की मान खाली जाते. त्या प्रकरणातली मुख्य बाई मी नव्हे. ती एक जपानी प्राध्यापिका. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी माझं काम थोडं सांगावं लागेल.

मी नागपूरची. एम.एस्सी. केमिस्ट्री, घरातली पहिली पदवीधर. अशोकच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत लागले. काम काय, तर बाटल्या धुणं. तीन महिने मी बाटल्या धुतल्या. आमचे मालक डेल यांच्या लक्षात आलं की मी धुतलेल्या बाटलीत कधी काही सापडत नाही. मग त्यांनी मला टेबलापाशी घेतलं. पुढे मी तिथली मुख्य तपासनीस झाले, तरी बाटल्या धुणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा मीच देत असे.

पाणी तपासणं बाहेरून वाटतं तितकं अवघड नाही आणि वाटतं तितकं सोपंही नाही. नळाची जाळी काढायची, तोटी स्पिरिटने पुसायची, पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं. बाटली निर्जंतुक केलेली असते, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. खुणेपर्यंत भरायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायची. तिथे त्यात एक पूड मिसळून चोवीस तास उबेत ठेवतात. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू आहेत. निळ्या दिव्याखाली चमकलं तर मैलापाण्याचे जंतू आहेत. घेताना चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. म्हणून मी आमच्या लोकांना सांगत असे, आपलं काम टेबलावर होत नाही, लोकांच्या स्वयंपाकघरात होतं.

2003 सालच्या उन्हाळ्यात हिरोताबाई आमच्या काउंटरवर आल्या. त्यांचं पूर्ण नाव मित्सुए हिरोता. साठीच्या आसपास वय, आखूड पांढरे केस, पायात पुरुषी बूट. बरोबर खोकं, आणि खोक्यात जॅमच्या बरण्यांत भरलेलं चौदा घरांचं पाणी. प्रत्येक बरणीवर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. घर कुणाचं, पाणी कुणी भरून दिलं आणि भरताना ते माणूस काय म्हणालं, हे सगळं त्या चिठ्ठीत. एकीवर लिहिलं होतं, 'मार्चपासून चहाला चव नाही, असं त्या म्हणतात.'

मी चौदाच्या चौदा बरण्या परत केल्या. जॅमच्या बरणीतलं पाणी मी तपासत नाही, म्हटलं. काही लोक अशा वेळी तावातावाने भांडतात. बाईंनी बरण्या एकेक करून खोक्यात ठेवल्या आणि विचारलं, "मग कसं घ्यायचं ते मला शिकवाल का?"

त्या खरोखर शिकायला आल्या. तीन शनिवार. झाकण कसं धरायचं ते मी दाखवलं तर त्यांनी ते माझ्यासमोर वीस वेळा करून पाहिलं. तिसऱ्या शनिवारी मी विचारलं, "मॅडम, तुमचा विषय तर मानववंशशास्त्र. माणसांचा अभ्यास. तुम्हाला पाण्याशी काय करायचंय?"

त्या म्हणाल्या, "मी त्या वस्तीत लग्नाच्या चालीरीती विचारायला गेले होते. कुणी लग्नाबद्दल बोलायलाच तयार नाही. सगळे पाण्याबद्दल बोलतात."

ती वस्ती आमच्यापासून दीड तासावर. चौदा घरं, सगळी कृष्णवर्णीय कुटुंबं, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेली. प्रत्येक घराची आपली विहीर. विहीर म्हणजे आपल्याकडची पायऱ्यांची नव्हे. सिमेंटची कडी जमिनीत उतरवलेली, वर दोन माणसांनी उचलायचं झाकण आणि आत पंप. वस्तीला लागून एक शेत होतं, त्यावर काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्हा-कारभाराचे, टँकर वर्षानुवर्षं लोकांच्या संडासटाक्या उपसून आणलेला मैला ओतत. वस्तीची मागणी एकच होती, शहराच्या पाण्याची लाइन आमच्यापर्यंत आणा. काउंटीचं उत्तर ठरलेलं होतं, तुमच्या विहिरी चांगल्या आहेत.

बाईंची काम करायची पद्धत मी तिथे जाऊन पाहिली तेव्हा प्रथम मला हसूच आलं. पहिले काही महिने त्या वही घेऊनच गेल्या नव्हत्या. त्या चर्चच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत आणि घेवड्याच्या शेंगा मोडून देत. दर रविवारी जेवणानंतर भांडी घासत. वर्ष असंच गेलं. त्यांचा आणखी एक नियम होता. कुणाबद्दल काही लिहिलं तर छापायच्या आधी ते त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. तो म्हणाला हे नको, तर ते ओळ न् ओळ काढून टाकायचं. त्यांच्या विद्यापीठातले लोक या नियमाला वैतागलेले होते. मला मात्र बाई पटल्या. झाकणाच्या आत बोट लावू नये, तसाच तो नियम होता.

त्या वस्तीत वडीलधारी म्हणजे मिस अर्नेस्टीन. इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आपण ताई किंवा मावशी लावतो तसं मिस लावतात. सत्तरी उलटलेली, ताठ, शाळेच्या कँटीनमध्ये हयातभर स्वयंपाक केलेली बाई. मला तिने पहिल्याच दिवशी 'मिस सुनंदा' केलं आणि माझ्या पानात तीन जणांचं वाढलं.

पुढच्या वसंतात काउंटीच्या बोर्डाने एकदाची बैठक ठेवली. लाइन द्यायची की नाही ते त्यात ठरणार होतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः जाऊन पाणी घ्यावं आणि रिपोर्ट द्यावा, असं ठरलं. डेलनी मला पाठवलं. मी बाईंकडून चौदा घरांचे फोन नंबर मागून घेतले आणि जायच्या चार दिवस आधी सगळ्यांना फोन केले. 'गुरुवारी सकाळी येते, पाणी घ्यायला. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त दार उघडा.' कुणी मला सांगितलं नव्हतं, पण आगाऊ न कळवता कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हे माझ्याच्याने होत नाही. अशोक म्हणालासुद्धा, "अगं, पाणी घ्यायला चाललीस की लग्नाचं बोलावणं करतेयस?"

गुरुवारी आम्ही गेलो, मी आणि बाई. काय ती घरं! अंगणं झाडलेली, टेबलांवर कडक इस्त्रीची कापडं, बायकांच्या केसांना वळणं. प्रत्येक घरी केक. नळ असे चमकत होते की माझा चेहरा दिसत होता. दोन-तीन ठिकाणी ब्लीचचा मंद वास आला. फरशी पुसली असणार, असं मी मनाशी म्हटलं. फक्त मिस्टर ओटिस नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकडे काहीच नव्हतं. त्याने दार उघडलं, नळाकडे बोट केलं आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसला.

आता इथे माझी चूक, ती सरळच सांगते. पाणी घेताना त्यात क्लोरीन, म्हणजे ब्लीचमध्ये असतं ते जंतू मारणारं रसायन, आहे का हे जागच्या जागी एका पट्टीने पाहता येतं. शहराच्या नळाला आम्ही ते नेहमी पाहतो. विहिरीला पाहत नाही, कारण विहिरीत क्लोरीन येणार कुठून? पट्ट्यांची डबी माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नाही. आणि आमच्या बाटलीत क्लोरीनचा असर मारणारी चिमूटभर पूड असते, त्यामुळे प्रयोगशाळेतही कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौदापैकी तेरा बाटल्या स्वच्छ. एकटी ओटिसची पिवळी, आणि निळ्या दिव्याखाली चमकणारी. मी रिपोर्टवर सही केली आणि काउंटीला पाठवला.

काउंटीचे पाणी-अधिकारी खूश झाले. एक म्हातारा आपली विहीर नीट ठेवत नाही, त्यासाठी एवढी लाइन कशाला टाकायची, असं त्यांनी बाईंना फोनवर ऐकवलं. बैठक तीन आठवड्यांवर होती.

बाई रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. मी ऐन तोऱ्यात होते. म्हटलं, "मॅडम, तुमच्या लोकांना वाटतं म्हणून आकडा बदलत नाही. तेरा घरांत जंतू नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत."

"आकड्यावर माझा संशय नाही," त्या म्हणाल्या, "त्या दिवसावर आहे. आपण येणार हे त्यांना माहीत होतं?"

"म्हणजे काय? मी स्वतः फोन केले होते."

मग बाईंनी मला त्यांच्या गावाची गोष्ट सांगितली. इतक्या दिवसांत, इतक्या वेळा एकत्र गाडीत बसूनही ती त्यांनी सांगितली नव्हती.

त्यांचं गाव एका खाडीवर. वडील लाकडी होड्या दुरुस्त करत. वरच्या अंगाला एक कारखाना होता आणि त्याचं पाणी खाडीत सुटत असे. मासे मरू लागले, मांजरं वेड्यासारखं करू लागली. गावाने अर्ज केले आणि शेवटी राजधानीतून तपासनीस येणार असं कळलं. मग गावाने काय केलं? किनारा झाडून काढला. पाहुण्यांच्या जेवणासाठी पलीकडच्या चांगल्या खाडीतले मासे आणले. आणि मेलेले मासे लहान मुलांकडून वेचून वाळूत पुरले.

"तपासनीस जेवले, किनारा पाहिला, सगळं ठीक आहे असं लिहून गेले," बाई म्हणाल्या. "वडिलांना त्या दिवशी फार अभिमान वाटत होता, गावाची शोभा राहिली म्हणून. पुढे सात वर्षं कुणीही आलं नाही. मी नऊ वर्षांची होते. मासे पुरणाऱ्यांत मी होते."

त्या पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आल्या. उत्तरेकडच्या बेटांवरच्या कोळ्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिल्या, दोन जाडजूड पुस्तकं लिहिली, नाव मिळवलं. पण पन्नाशीनंतर त्यांनी सभा-संमेलनांना जाणं सोडलं आणि जिथे लोकांचं पाणी नाहीतर हवा बिघडली आहे अशाच ठिकाणी काम करायचं ठरवलं. त्याची सुरुवात कुठे झाली ते मला त्या दिवशी समजलं.

आणि मला माझी आई आठवली. मी सातवीत असताना शाळेतले गुरुजी आमच्या वस्तीत येणार होते, माझ्या शिष्यवृत्तीच्या कागदावर बाबांची सही घ्यायला. आईने सकाळपासून राखेने भांडी घासली. शेजारून न वापरलेला काचेचा पेला आणला, रांजण रिकामा करून पुन्हा भरला. गुरुजी दारातच उभे राहिले. सही घेतली. आईने पेला पुढे केला तर म्हणाले, "नको, आत्ताच घेतलंय." आईने ते पाणी रांजणात परत ओतलं आणि पेला शेजारी देऊन आली. आमच्या घरचं पाणी का घेतलं नाही, ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या घरातून आलेली मी. आणि मी चौदा घरांना चार दिवस आधी कळवलं होतं की पाणी बघायला येते आहे. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंसमोरच रडू आलं. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. "शनिवारी शेंगा आहेत," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी आम्ही मिस अर्नेस्टीनच्या स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसलो. बाई एक अक्षर विचारेनात. अर्ध्या तासाने मिस अर्नेस्टीनच म्हणाली, "मिस सुनंदा, तुझं तोंड का उतरलंय?"

मी म्हटलं, "मला गुरुवारी क्लोरीन बघायचं सुचलं नाही."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मग? पाहुणे येणार म्हटल्यावर घाण पाणी समोर ठेवायचं? आम्ही चर्चच्या बायकांनी ठरवलं. दर विहिरीत एकेक गॅलन ब्लीच ओतलं, दोन दिवस पंप चालवले. ओटिसला सांगितलं, तो ऐकत नाही कुणाचं."

"पण मग लाइन येणार नाही ना," मी म्हटलं. "परत घ्यायला हवं. जसं आहे तसं."

"आणि त्या कागदावर काय लिहाल? माझं नाव आणि पुढे मैला?" तिचा आवाज चढला. "चाळीस वर्षं या काउंटीच्या पोरांना मी जेवू घातलं. माझ्या हाताला कुणी नाव ठेवलेलं नाही. आता ते सगळे वाचणार की अर्नेस्टीनच्या घरात मैल्याचं पाणी? नाही. मला लाइन नको."

मी बाईंकडे पाहिलं. त्या शेंगा मोडत होत्या. समजावणं हे त्यांच्या कामात बसतच नव्हतं. काही बोलायचं म्हणून नव्हे, खरंच तहान लागली म्हणून मी उठले, फडताळातला पेला घेतला आणि नळाकडे गेले.

मिस अर्नेस्टीनने माझं मनगट धरलं. "ते नाही प्यायचं. तुला नाही देणार मी ते."

आयुष्यभर आमच्या घरचं पाणी लोकांनी नाकारलं होतं. आणि ही बाई आपलं पाणी मला द्यायला नकार देत होती, मला त्रास होऊ नये म्हणून. मी तिथेच, मनगट तिच्या हातात असताना, तिला आईची आणि गुरुजींची गोष्ट सांगितली. माझं इंग्रजी अशा वेळी पार मोडून पडतं. पण तिने सगळं ऐकलं.

"तो मास्तर काही प्यायलाच नाही?" तिने विचारलं.

"नाही."

ती पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसली. मूठभर शेंगा मोडून झाल्यावर म्हणाली, "बायकांशी मी बोलते. तू ये. पण आता फोन करू नकोस."

आठ दिवसांनी आम्ही न सांगता गेलो. या वेळी मी आधी पट्टी बुडवली. क्लोरीन कुठेही उरलेलं नव्हतं. अंगणात वाळत घातलेले कपडे, बेसिनमध्ये भांडी, घरं रोज असतात तशी. दुसऱ्या दिवशी चौदापैकी अकरा बाटल्या पिवळ्या झाल्या आणि त्यातल्या नऊ चमकल्या. निळ्या दिव्यासमोर उभी राहून मी अशी बातमी कधी आनंदाने वाचली नव्हती.

आता पहिला रिपोर्ट मागे घ्यायचा होता. डेल म्हणाले, "सुनंदा, सही तुझी आहे. चूक कबूल केलीस तर तुझ्या परवान्याची चौकशी लागू शकते. विचार कर." मी म्हटलं, विचार झाला. काउंटीला पत्र लिहिलं की विहिरीत क्लोरीन असताना मी पाणी घेतलं, ते तपासलं नाही, सबब तो रिपोर्ट रद्द समजावा. त्या पत्राची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. माझ्या एम.एस्सी.च्या कागदापेक्षा तिचा मला जास्त अभिमान आहे.

बैठक संध्याकाळी सहाला होती. वस्तीतली सगळी माणसं रविवारच्या कपड्यांत पुढच्या रांगांत बसलेली. ओटिससुद्धा. मी उभी राहून माझी चूक सांगितली. पाणी-अधिकाऱ्यांनी लगेच विचारलं, "विहिरीत क्लोरीन आपोआप येत नाही. कुणी टाकलं? आणि तुम्ही येणार हे त्यांना कळलं कसं? कुणी कळवलं?"

हा प्रश्न अगदी सरळ होता. पहिल्या भागाचं उत्तर दिलं तर तेरा घरांवर लबाडीचा आळ येणार होता. दुसऱ्या भागाचं उत्तर माझ्यापाशी होतं, आणि ते दिलं तर माझा परवाना जाण्याची शक्यता होती.

मागून हिरोताबाई उठल्या. त्या कधी मोठ्याने बोलत नसत, त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

"पाहुणे येणार हे त्यांना कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर या घरांत जेवते आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर इथली माणसं घर, अंगण, विहीर सगळं धुऊन काढतात. ही लबाडी नाही, रीत आहे. ती इथल्या कुणाही बाहेरच्या माणसापेक्षा मला जास्त माहीत होती. लक्षात ठेवणं माझं काम होतं. मी ठेवलं नाही. जबाबदारी माझी."

"म्हणजे तुम्हीच कळवलंत?" अधिकारी म्हणाले.

"जबाबदारी माझी," बाईंनी पुन्हा तेवढंच म्हटलं आणि त्या खाली बसल्या.

मी गप्प राहिले.

बोर्डाने ठरवलं की काउंटीने स्वतः, न कळवता, तिसऱ्यांदा पाणी घ्यावं. पाणी-अधिकारी माणूस सचोटीचा निघाला, तो स्वतः बर्फाची पेटी घेऊन गेला. त्याचे आकडे माझ्यासारखेच आले. त्याच शरदात लाइन मंजूर झाली आणि मैल्याचे टँकर बंद झाले. मला डेलकडून समज मिळाली आणि परवाना राहिला. बाईंची मात्र विद्यापीठात रीतसर चौकशी झाली. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्या वागण्यावर त्यांनी परिणाम केला, असा ठपका आला आणि त्या वस्तीत संशोधनासाठी जायला त्यांना दोन वर्षं मनाई झाली.

त्यावर बाईंनी काय केलं असेल? पुढच्या रविवारी त्या चर्चच्या स्वयंपाकघरात हजर. "मी संशोधन करत नाही," म्हणाल्या, "मी भांडी घासते आहे." आणि त्या दोन वर्षांत त्यांनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं, असं माझं मत आहे. मैल्याच्या शेतांशेजारी, कोंबड्यांच्या कारखान्यांशेजारी अशा कितीतरी वस्त्या होत्या. तिथल्या बायकांना त्यांनी एकत्र आणलं, आणि पाणी कसं घ्यायचं ते शिकवायला मला नेलं. शनिवारी अशोक कुरकुर करायचा, "परत दोन तास ड्राइव्ह? यार, एखादा वीकेंड तरी कॅन्सल कर." मग स्वतःच बर्फाच्या पेट्या गाडीत भरायचा. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, हे मी चर्चच्या तळघरांत किती बायकांना शिकवलं ते मोजलं नाही. त्यांतल्या दोघी आज मान्यताप्राप्त तपासनीस आहेत. आणि आमचा पहिला नियम मी फळ्यावर लिहायची: जायच्या आधी फोन करू नका. हा नियम कुठून आला ते मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही.

पाण्याची लाइन प्रत्यक्ष यायला तीन वर्षं लागली. तोवर ओटिस गेला. त्याच्या रिकाम्या घरालाही नळ जोडला गेला, कारण मिस अर्नेस्टीनने काउंटीच्या माणसांना तिथून हलूच दिलं नाही.

बाईंनी त्या वस्तीवर पुस्तक लिहिलं. नियमाप्रमाणे प्रत्येक घरी जाऊन ते वाचून दाखवलं. ब्लीचचं प्रकरण त्यातलं सगळ्यात चांगलं होतं, मी ते वाचलं होतं. मिस अर्नेस्टीन म्हणाली, "हे बैठकीच्या त्या खोलीत बोललं गेलं, ते ठीक. पुस्तकात नको." बाईंनी तिच्यासमोर पेन्सिलने बावीस पानांवर रेघ मारली. पुढे एका परीक्षणात कुणीतरी लिहिलं की पुस्तक मधेच पोकळ वाटतं. बाईंनी ते मला हसत हसत वाचून दाखवलं.

या वर्षी एप्रिलमध्ये त्या निवृत्त होऊन त्यांच्या खाडीकाठच्या गावी परत गेल्या. विमानतळावर मी त्यांना म्हटलं, "मॅडम, त्या बैठकीत फोनचं मी बोलायला हवं होतं." त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही अकरा बाटल्यांबद्दल बोललात." त्यांना तेवढं पुरेसं होतं. मला नव्हतं.

म्हणून हा लेख लिहायला घेतल्यावर मी मिस अर्नेस्टीनला फोन केला. बाईंचा नियम आता माझाही आहे. तिला सगळा लेख इंग्रजीत करून वाचून दाखवला, एक तास लागला. मग विचारलं, ब्लीचची गोष्ट मी माझ्या भाषेत छापू का? नको असेल तर काढून टाकते.

"तुझ्या लोकांत पाहुणे येणार असले की काय करतात?" तिने विचारलं.

"घर धुऊन काढतात," मी म्हटलं.

"मग छाप. त्यांना कळेल." मग म्हणाली, "फोन तू केला होतास, हे लिहिलंयस ते बरं केलंस. चौदाही घरांत तो फोन आम्हीच उचलला होता, मिस सुनंदा. त्या बैठकीत कुणी कळवलं असं विचारलं तेव्हा सगळे पुढच्या रांगेत बसलो होतो. कुणी बोललं का?"